स्थानिक कुटुंबात राहण्याची सोय

४ जुलै

पोचले. घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण तिच्यात एक तर मी मावते, नाही तर बॅग. बॅगेला आधी वर पाठवलं आणि मी जिने चढले. धापा टाकत पोचते तो लिफ्ट बॅगेला घेऊन पुन्हा खाली. परदेशातली माझी पहिली धावपळ स्वतःच्याच बॅगेमागे.

संस्थेच्या पत्रकात छापलं होतं — 'स्थानिक कुटुंबात राहण्याची सोय. उठल्यापासून झोपेपर्यंत इटालियन भाषेचा सहवास.' कुटुंब म्हणजे एकटी एक बाई. पन्नाशी ओलांडलेली, उंच, हात कोपरापर्यंत लालबुंद. आणि सहवास असा: त्यांनी खोली दाखवली, खिडकी दाखवली, गरम पाण्याचा नळ दाखवला, मान हलवली आणि गेल्या. विमानात पाठ केलेलं माझं मनोगत तोंडातच राहिलं. शेवटी ते नळाला ऐकवलं. नळ गळत होता. भारावला असावा.

६ जुलै

पहिला वर्ग. आमच्या बाई फार चांगल्या आहेत. पांढरे केस, निळा चष्मा, आणि चूक झाली की अशा बघतात की चूक आपण नाही, खुर्चीने केली असं वाटावं. मी आजच ठरवून टाकलं की मोठी झाल्यावर यांच्यासारखं व्हायचं. (बावीस पूर्ण झाली. अजून किती मोठं व्हायचंय देव जाणे.)

प्रत्येकाने सांगायचं होतं, उन्हाळा इथे का घालवतोय. एक जण गाणं शिकतो, त्याला गाण्यातले शब्द कळायला हवेत. एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत. ते म्हणाले, "डोकं गंजू नये म्हणून." किती साधं उत्तर. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मला दोन संस्कृतींमधला पूल व्हायचं आहे."

बाईंनी प्रेमाने विचारलं, "इंजिनिअर का?"

वर्ग हसला. मीही हसले, नाही तर काय करणार.

पण खरी गोष्ट पुढेच. ऑगस्टअखेर तोंडी परीक्षा आहे आणि त्यातून एकाच विद्यार्थ्याला पुढचं वर्षभर इथे फुकट शिकायला ठेवतात. एकालाच. निवड बाई करतात. घरी हे सांगितलेलं नाही. घरच्यांच्या हिशेबाने मी उन्हाळा संपला की परत, आणि मामांनी ज्या ऑफिसात शब्द टाकलाय तिथे रुजू. मामांचं ऑफिस वाईट नाही. पंखा आहे, पेन्शन आहे. पण तिथे जाऊन बसले की उठणं नाही, एवढं मला कळतं.

म्हणजे मला ती जागा हवी आहे. इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर 'मला कुठे एवढी हौस होती' असं म्हणता येणार नाही.

७ जुलै

आज घरमालकीण बाई माझ्याशी बोलल्या. "दार." मी उघडं ठेवलं होतं.

१० जुलै

त्या एका हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्रीला आहेत. म्हणून हात तसे. सकाळी लवकर जातात, दुपारी उशिरा येतात, उभ्यानेच जेवतात. मनातल्या मनात मी त्यांना मावशी म्हणायला लागले आहे. तोंडावर मात्र 'आदरणीय बाईसाहेब', कारण पुस्तकात तसंच दिलंय.

बाकीच्यांची कुटुंबं रात्री गप्पा मारतात, पत्ते खेळतात. गाणाऱ्याच्या घरी तर आजोबा त्याला रोज रागावतात — फुकटचं शिक्षण. माझ्या वाट्याला मौनव्रत. मी तक्रार करणार होते. मग विचार केला: शब्द जपून वापरणं हीसुद्धा एक संस्कृतीच. उथळ माणसाला ती दिसत नाही. मला दिसली.

(हे लिहिताना मी स्वतःवर किती खूश होते, ते या पानावर दाबलेल्या पेनावरून कळतं.)

१३ जुलै

बाबांचा फोन. सायकल दुरुस्तीच्या दुकानातूनच करतात, स्पीकर लावून, म्हणजे गिऱ्हाइकांनाही ऐकू जावं.

"बोल, बोल, तिकडचं काहीतरी बोल."

"बाबा, काय बोलू?"

"काहीही बोल. इथे सगळे थांबलेत."

मग मी इटालियनमध्ये म्हटलं, "क्षमस्व महोदय, संग्रहालयाकडे जाण्याचा मार्ग कृपया दाखवाल का?" कुणीतरी विचारलं, "काय म्हणाली?" बाबा क्षणभरही अडले नाहीत. "म्हणाली, सगळं ठीक आहे, सगळ्यांना नमस्कार सांगा."

दोन संस्कृतींमधला पूल. घरात आधीच एक बांधून तयार आहे, मला माहीत नव्हतं.

नंतर आईने फोन घेतला. "जेवतेस ना? आणि धाकट्याच्या प्रवेशाचा फॉर्म कसा भरायचा ते सांग. काकूंचाही एक आलाय." घरातली पहिली पदवीधर म्हणजे सगळ्या खानदानाचे फॉर्म भरणारी. समुद्र ओलांडला तरी सुटका नाही.

१८ जुलै

बाईंनी काम दिलंय: ज्या घरी राहता त्या घराचं निरीक्षण करून वर्गात बोला. 'इथली संस्कृती, आतून.' हे गुण शेवटच्या निवडीत धरणार. मॅनेजरकाका म्हणाले, त्यांच्या घरचे लोक टीव्ही बघतात, त्यात निरीक्षण काय करायचं. मला त्यांची कीव आली.

माझ्याकडे खजिना आहे. मावशी बूट काढले की तोंड भिंतीकडे करून ठेवतात. बाहेर पडण्याआधी दाराला आतून दोनदा टकटक करतात. टेबलावर चमचे उपडे. अंधार पडला की कुजबुजतच बोलतात (बोलल्या तर). आणि रात्री मी खोलीत मोठ्याने धडे वाचत असले की भिंतीपलीकडून पुटपुट ऐकू येते. प्रार्थना असावी.

प्रत्येकाचा अर्थ लागतोय. बूट — घरात आल्यावर बाहेरच्या वाटांकडे पाठ. टकटक — जगात पाऊल टाकण्याआधी जगाची परवानगी. हे सुचलं तेव्हा अंगावर काटा आला. कॉलेजात सरांनी 'हिला दृष्टी आहे' म्हटलं होतं ते उगाच नव्हतं.

२२ जुलै

मावशी घरी असल्या की त्यांच्या मागेमागे. त्या जे बोलतात ते तसंच्या तसं उचलते, उच्चारासकट. बाईंनी वर्गात दोनदा दुरुस्त केलं. मी नम्रपणे म्हटलं, "घरी असंच बोलतात." बाई नुसत्या बघत राहिल्या. पुस्तकी भाषा ती पुस्तकी भाषा. मी मुळापाशी पोचलेय!

२६ जुलै

फजिती. लिहायचीही लाज वाटते, पण लिहिते.

वर्गात उभी राहिले आणि बोलले. छान बोलले — तेच वाईट. पाठ होतं, हातवारे होते, 'जगाची परवानगी' म्हणताना आवाज खाली आणला होता. संपलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गाणाऱ्याने हळूच विचारलं, "तुझ्या घरी सगळे बरे आहेत ना?"

बाई म्हणाल्या, "मी याच गावात जन्मले. बूट भिंतीकडे तोंड करून ठेवलेले मी आजवर पाहिले नाहीत. पण तू इतक्या खात्रीने सांगितलंस की आज घरी जाऊन बघणार आहे."

सगळे हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, म्हणून जास्त लागलं. मॅनेजरकाका टीव्हीवर बोलले — टीव्ही कोण लावतं, कोण बंद करतं, कोण तक्रार करतं. साधं आणि बरोबर. जागा त्यांनाच मिळणार.

२६ जुलै, संध्याकाळ

तणतणत घरी आले. मावशी ओट्यापाशी उभ्या होत्या. मी सरळ विचारलं, "तुमच्याकडे बूट भिंतीकडे तोंड करून ठेवतात ना?"

"आमच्या गावात ठेवतात."

"आमच्या बाई म्हणतात, इथे कुणी ठेवत नाही."

"इथे कशाला ठेवतील? माझं गाव इथे थोडंच आहे."

मी बसले. खुर्ची होती हे नशीब.

"म्हणजे तुम्ही इथल्या नाही?"

"इथली आहे असं तुला कुणी सांगितलं?"

"पत्रकात लिहिलंय. स्थानिक कुटुंब."

मावशी हसायला लागल्या. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. "अगं, मी दोन देश पलीकडची. संस्थेने विचारलं, खोली आहे का? म्हटलं, आहे. कुटुंब आहे का, ते विचारलंच नाही."

तरुणपणी एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळायला इथे आल्या. म्हातारी बहिरी. सगळं खुणांनी. ती गेली, तिच्या मुलांनी घर भाड्याने यांच्याकडेच ठेवलं. मग लाँड्री. तिथे यंत्रांच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. "मला सांग, भाषा मी शिकणार कुणाकडून?"

दाराला टकटक? कुलूप अडकतं. आतून ठोकलं की सुटतं. चमचे? माशा बसतात. कुजबुज? खालच्या मजल्यावरचा माणूस तक्रार करतो. जगाची परवानगी वगैरे काही नाही.

आणि भिंतीपलीकडची प्रार्थना? तिथे मावशी जरा लाजल्या.

"तू वाचायचीस ते मी मागून म्हणायचे. तू शाळेत जातेस. तुझं बरोबर असणार. म्हणून तर संस्थेच्या मुलीला खोली दिली."

म्हणजे असं झालं: मी त्यांचं अस्सल समजून उचलत होते, त्या माझं शुद्ध समजून पाठ करत होत्या. माझी चूक भिंतीतून पलीकडे जायची, तिथे मुरायची आणि चारेक दिवसांनी नाश्त्याच्या वेळी माझ्याकडे परत यायची. मग मी ती भक्तिभावाने वर्गात घेऊन जायचे. पदवीच्या वर्गात पहिली आलेली मुलगी.

इतकं हसलो की खालच्याने काठीने छत ठोकलं.

२७ जुलै

त्या का शिकताहेत ते आज कळलं. त्यांनाही तोंडी परीक्षा आहे. कायम राहण्याच्या परवान्यासाठी. आमच्याच संस्थेत, आमच्याच बाई घेतात, माझ्या परीक्षेच्या आगेमागे.

आत्ता त्यांना दरवर्षी मुदत वाढवून घ्यावी लागते. कागद कचेरीत अडकला असताना देशाबाहेर जाता येत नाही, गेलं तर परत येता येत नाही. आणि कागद कायम अडकलेलाच. त्यांच्या गावात राहणाऱ्या मुलीच्या लग्नाला तशाच जायच्या राहिल्या. आता मुलीला दिवस गेलेत, हिवाळ्याच्या तोंडावर बाळंतपण. परवाना हातात आला तर जाऊन येता येईल.

हे सगळं त्यांनी चादर घडी करता करता सांगितलं. एक टोक माझ्या हातात होतं. मी टोकाला टोक नीट जुळवलं.

३१ जुलै

अभ्यास सुरू. ओट्यापाशी दोघी. आता मी वर्गात बाई जे सांगतात ते कान देऊन ऐकते, घरी येऊन मावशींना सांगते. त्या प्रश्न विचारतात. असे की मला दुसऱ्या दिवशी बाईंना विचारावे लागतात. बाई म्हणाल्या, "तू हल्ली ऐकायला लागलीस." अपमान होता की कौतुक?

५ ऑगस्ट

माझी जुनी पेरणी उगवली. मावशींनी आज लाँड्रीच्या मुकादमाला म्हटलं, "क्षमस्व महोदय, साबण संपल्याचे आपणास कळवण्यात मला खेद वाटतो." मुकादम घाबरला. त्याला वाटलं वरून कुणी तपासणीला आलंय. साबण लगेच मिळाला.

"हे बदलू नकोस," मावशी म्हणाल्या, "हे उपयोगाचं आहे."

९ ऑगस्ट

मला अभ्यासाचा कंटाळा आला. त्यांना नाही.

१४ ऑगस्ट

मी मावशींची परीक्षा घेतली. समोर बसले, बाईंसारखा आवाज काढला, "आपल्या कुटुंबाविषयी सांगा." त्या मुलीविषयी सांगत गेल्या. लहानपणी तिला काय खायला आवडायचं, ती कशी रुसायची. मध्ये अडल्या, शब्द सापडेना, तर हाताने दाखवलं आणि पुढे गेल्या. मला चुका मांडून ठेवायच्या होत्या. राहून गेलं.

मग त्यांनी माझी घेतली. मी पूल वगैरे सुरू केलं. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "हे तू कुणाला सांगतेस? मला तर नाही सांगत."

इतका राग आला. खरं होतं म्हणून.

१७ ऑगस्ट

आईला जागेबद्दल सांगून टाकलं. तिने आधी जेवण झालं का ते विचारलं. मग म्हणाली, "मामाला काय सांगू?" मग आणखी थोड्या वेळाने, "सांगेन काहीतरी. तू तुझं बघ." बाबांना इतक्यात सांगू नकोस म्हटलं, तर पाठीमागून बाबा, "ऐकलंय मी!" स्पीकर. नेहमीसारखा स्पीकर.

२२ ऑगस्ट

परीक्षा झाली.

पाठ केलेलं सगळं दाराबाहेर राहिलं. बाईंनी विचारलं, "इथे आल्यापासून तुला सगळ्यात जवळचं काय वाटलं?" मी संस्कृती म्हणायला तोंड उघडलं आणि चादरीबद्दल बोलायला लागले. दोघींनी मिळून चादर कशी घडी करायची — कोण पुढे येतं, कोण थांबतं, टोक कुणाच्या हातात द्यायचं. त्यात बोलायचं काही नसतं आणि तरी दोघींना कळतं. चुका खूप झाल्या असणार. एकदा अडले तेव्हा मावशींसारखं हाताने दाखवलं.

शेवटी घड्याळ बघितलं आणि तोंडातून गेलं, "माझा वेळ थकला." हे मावशींचं. सकाळी उशीर झाला की एका बाहीत हात घालत म्हणतात. कुठल्याच पुस्तकात नाही. जीभ चावली, पण उशीर झाला होता.

बाई चष्मा काढून हसल्या. "असं कुणी म्हणत नाही. पण किती गोड आहे! तुझ्या तोंडी फारच गोड वाटतं."

घरी येऊन मावशींना सांगितलं, "तुमचं वाक्य बाईंना आवडलं." त्यांनी इस्त्री खाली ठेवली. "खरंच?" झोपेपर्यंत खूश होत्या. मीही होते.

२४ ऑगस्ट

मावशींची झाली. निळा सदरा घालून गेल्या, बाह्यांना इस्त्रीची सुरीसारखी धार. परत आल्यावर म्हणाल्या, "बाई चांगल्या आहेत. पाणी दिलं." आणखी काही सांगेनात. थकल्या असतील.

२७ ऑगस्ट

जागा मला.

मला!

बाईंनी बोलावून सांगितलं. मॅनेजरकाकांपेक्षा माझ्या चुका जास्त, पण माझ्या बोलण्याला 'चेहरा' आहे म्हणाल्या. "भाषा स्वतःची करून बोलणारे विद्यार्थी कमी मिळतात." महिनाअखेरपर्यंत होकार लेखी द्यायचा. मॅनेजरकाकांनी हात मिळवला आणि म्हणाले, "आता तरी टीव्ही बघ."

बाबांच्या दुकानात टाळ्या. मग बाबा स्पीकर बंद करून हळू आवाजात, "वर्षभर म्हणजे... इथले फॉर्म कोण भरणार?" पाठीमागून आई, "भरतील ज्याचे त्याचे. सोडा आता तिला."

स्पीकर बंद असताना बाबा कसे बोलतात ते मी विसरलेच होते. फोन ठेवल्यावर थोडी रडले. मावशींनी दुसऱ्या खोलीतून विचारलं, "वाईट बातमी?" म्हटलं, "नाही, चांगली." त्या म्हणाल्या, "मग मोठ्याने रड, खालच्याला कळू दे."

२९ ऑगस्ट

मावशी नापास.

मी विचारत राहिले तेव्हा सांगितलं. बाईंनी कुटुंबाबद्दल विचारलं, त्या मुलीबद्दल बोलल्या. अडल्या तिथे हाताने दाखवलं. बाई म्हणाल्या, "हात नकोत, शब्द." शेवटी मावशी म्हणाल्या, "माझा वेळ थकला." मुद्दाम म्हणाल्या. मी सांगितलं होतं म्हणून. बाईंनी पेन उचललं.

पुन्हा बसायला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबायचं. मुलीला अजून कळवलेलं नाही.

मावशी म्हणतात, "बाईंना जाब विचारायला जाऊ नकोस, तुझी जागा जाईल." होकाराचा कागद लिहून तयार आहे. उद्या तो बरोबर नेणार आहे. देईन की नाही, ते बाई काय उत्तर देतात त्यावर. काय बोलायचं ते पाठ केलेलं नाही.